हार्ड टेक्नो, दुपारी तीन ते सहा

२ जून, सोमवार. संध्याकाळ.

मफलरचा फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. कुणाचा, ते तिने सांगितल्यावर.

जुन्या शीतगृहात आम्ही हार्ड टेक्नो, म्हणजे जोरदार धडधडत्या ठोक्यांचं नाचायचं संगीत, वाजवायचो, तेव्हा ही ऐन उन्हाळ्यात गळ्यात लोकरी मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत नाचायची. आता तेच शीतगृह घेऊन तिने त्यात बॅडमिंटन हॉल काढलाय. म्हणाली, सगळ्या जुन्या मंडळींना एकदा गोळा करायचंय. तेव्हाच्याच रेकॉर्डी, तेव्हाचाच धिंगाणा. घण आणि भोंगा, बॅक टू बॅक. घण म्हणजे मी.

मी म्हणालो, डायरी बघून कळवतो. डायरी बघितली. हीच. कोरी आहे. लगेच फोन लावून हो म्हणालो.

वेळ: २९ तारीख, रविवार, दुपारी तीन ते सहा. सहानंतर बॅडमिंटनची बॅच असते. शिवाय जागरण आता कुणालाच झेपत नाही, असं ती म्हणाली. कुणालाच म्हणजे बाकीच्यांना.

बायकोने विचारलं, बॅक टू बॅक म्हणजे काय. सांगितलं: एक रेकॉर्ड त्याची, ती संपत आली की तिच्यात मिसळून एक माझी, मग परत त्याची. ती म्हणाली, म्हणजे निम्मंच काम. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं की माणूस सगळ्याचे डोस मोजतो.

सासूबाईंनी विचारलं, पाठीला पाठ लावून उभं राहायचं का? हो म्हणालो. सोपं पडतं.

३ जून

भोंग्याला फोन केला. कित्येक वर्षांनी. भांडण वगैरे काही नव्हतं. माझ्या प्रसिद्धीच्या सावलीत राहून त्याला कंटाळा आला असावा. त्याने फर्निचरचा कारखाना टाकला, मी गाद्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर झालो. दोघंही घर सजवतो म्हणायचं.

म्हणालो, भोंग्या, एकोणतीसला वाजवायचंय. तो म्हणाला, मंगळवारी नको, लाकूड येतंय. म्हणालो, रविवार आहे रे. तो म्हणाला, बरं, बरं. आणि फोन ठेवला. स्वभाव अजून तुटकच आहे.

शेवटी सविस्तर मेसेज पाठवला. त्यावर मात्र उत्तरात नुसत्या अंगठ्यांची रांग.

५ जून

संकल्प:

रोज पहाटे जिने चढणे-उतरणे. तीन तास उभं राहायचंय.

दुकानात बसायचं नाही.

जुन्या रेकॉर्डींचे ठोके पाठ करणे.

आज दुकानात दुपारपर्यंत उभा होतो. मग एका गिऱ्हाइकाला मध्यम-कडक गादी समजावताना जरा टेकलो. समजावता समजावता डोळा लागला. गिऱ्हाइकाने तीच गादी घेतली. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही, त्याचं विक्रीत रूपांतर झालं.

जिने उद्यापासून.

८ जून, रविवार

भोंग्याच्या कारखान्यात गेलो. आमची दोन्ही टर्नटेबलं आणि त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर त्याने जपून ठेवलेत, पॉलिश केलेल्या कपाटात, वर मऊ फडकं. डोळे भरून आले. भुसा असेल.

तो पूर्वीसारखाच. फक्त केस पांढरे, आणि पूर्वीपेक्षा खूप समजूतदार. मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे एकटक बघतो. असा श्रोता आजकाल मिळत नाही. घरी तर नाहीच.

जुन्या दिवसांची विभागणी त्याला पुन्हा समजावली. तेव्हा तो खाली मान घालून तांत्रिक बाजू बघायचा: रेकॉर्ड लावणं, दोन रेकॉर्डींचे ठोके एकमेकांवर बसवणं, आवाज खाली-वर करणं वगैरे. मी मुख्य बाजू बघायचो. म्हणजे नेमक्या क्षणी दोन्ही हात वर करायचे. छतावरून घामाचे थेंब पडायचे आणि समोरची सगळी गर्दी माझ्या हातांबरोबर उसळायची.

मी म्हणालो, या वेळी मला जरा जास्त वाव हवा. तो हसून म्हणाला, सागवानच.

विषयाला धरून नव्हतं, पण सूर होकाराचा होता.

११ जून

घरी सराव. बेडरूममध्ये जुना रेकॉर्ड प्लेअर लावला, आणि दुसरी रेकॉर्ड म्हणून वॉशिंग मशीन स्पिनवर टाकलं. ठोके जुळले की कसं एकजीव वाटतं! जुळले नाहीत की घोडे पळाल्यासारखं होतं. आज बराच वेळ घोडे पळत होते. दोष मशीनचा आहे, चादरी एका बाजूला गोळा झाल्या होत्या.

खालचे निवृत्त कॅप्टन वर आले. म्हणाले, काही तोडफोड चालू आहे का? म्हणालो, संगीत आहे. ते म्हणाले, मग तोडफोड संपल्यावर सांगा.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मला आवडलं. फक्त मधे थांबत जा, म्हणजे आणखी आवडेल.

१५ जून, रविवार

भोंग्याकडे दुसरी तालीम. मुद्द्याचं बोललो. शेवटची रेकॉर्ड कोण लावणार? बॅक टू बॅकमध्ये सगळी गोम तिथेच असते. सेट, म्हणजे सलग वाजवलेलं सगळं, दोघांचा, पण लोक घरी घेऊन जातात ती शेवटची रेकॉर्ड. आमची शेवटची कायम तीच, पांढऱ्या लेबलची, नाव नसलेली. तेव्हा तीही तोच लावायचा. तांत्रिक बाजू.

मी म्हणालो, या वेळी ती मी लावणार. तो म्हणाला, हो, हो. मी म्हणालो, आणि शेवटची दहा मिनिटं तू बाजूला उभा राहशील. तो म्हणाला, हो, हो, नक्की. मी म्हणालो, तुला राग नाही ना येणार? तो म्हणाला, परवाच रंग दिलाय.

इतकं मोठं मन! मला वाटलं होतं वाद घालेल. माझा अधिकार त्याने आतून मान्य केलाय.

हेडफोनवर मात्र तो फार वेळ घेत होता. डावा कान, उजवा कान, पुन्हा डावा. मग हेडफोन काढून टेबलावर बोटं टेकवून उभा राहिला. वय झालं बिचाऱ्याचं. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अरे, त्याला ऐकू येत नसेल. मी म्हणालो, माणसं माझं ऐकतात हे तुला सहनच होत नाही.

१९ जून, गुरुवार

दुपारी वहिनी, म्हणजे भोंग्याची बायको, शोरूममध्ये आल्या. मी त्यांना नवीन स्प्रिंगची गादी दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, भावजी, गादी राहू द्या, बसा जरा. गादीवरच बसलो दोघं.

म्हणाल्या, ह्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी ते ठोके, मग करवतीची मशीनं. डाव्याने जवळजवळ काहीच नाही, उजव्याने कुणी ओरडून बोललं तर. कुणाला सांगत नाहीत. डॉक्टरांनी कानाचं मशीन लिहून दिलंय, ते घालायला तयार नाहीत. आता म्हणतात, एकोणतीस तारीख होऊ दे, सेट झाला की दुसऱ्या दिवशी जातो. डीजे कानात मशीन घालून उभा राहिला तर लोक काय म्हणतील?

मी म्हणालो, पण वहिनी, मग ठोके कसे जुळवणार तो?

त्या म्हणाल्या, मीही तेच विचारलं. तर म्हणाले, घण आहे ना. त्याच्या कानांवर माझा भरवसा आहे.

एवढं बोलून त्यांनी डोळे टिपले आणि जाता जाता दोन उशा घेतल्या.

२० जून

झोप नाही. ही गोष्ट गाद्यांच्या दुकानात कुणाला सांगताही येत नाही.

मुद्दा असा की ठोके मी कधी जुळवलेले नाहीत. म्हणजे येतं मला. करायची वेळ आली नाही इतकंच. पोहणाऱ्याने किनाऱ्यावर बसून सगळं पाहिलेलं असतं, तसं.

भोंग्याला स्पष्ट सांगावं का? नको. त्याच्या भरवशाला धक्का लागेल. दुसऱ्याचा विचार आधी, हा माझा जुना दोष.

२२ जून, रविवार

त्याच्यासमोर वहीचा कागद धरला: मला माहीत आहे. त्याने वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग मोठ्याने म्हणाला (आता कळलं तो एवढ्या मोठ्याने का बोलतो), बायको आली होती ना तुझ्याकडे? मी मान हलवली. तो बराच वेळ मिक्सरची धूळ पुसत राहिला. धूळ नव्हती.

मग त्याने पद्धत सांगितली. मोठ्या स्पीकरमधून जे चालू असेल त्याचा ठोका त्याला तळपायांतून कळतो. अडचण फक्त पुढच्या रेकॉर्डची, ती हेडफोनमध्ये असते. तर हेडफोन मी घालायचा आणि तिचा ठोका त्याच्या खांद्यावर हाताने द्यायचा. पायात एक, खांद्यावर एक. दोन्ही एक झाले की तो बटण सरकवणार.

साधी, सुंदर पद्धत. करून पाहिली. पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदा त्याने वळून विचारलं, नक्की असंच आहे का? मी ठामपणे मान हलवली. तो म्हणाला, मग माझेच पाय चुकत असतील.

मला जरा कसंतरी झालं. उन्हाचं.

२६ जून

बायकोच्या खांद्यावर सराव. ती भाजी निवडत होती, मी हेडफोन लावून मागे उभा. थोड्या वेळाने म्हणाली, तू ठोका देतोयस की मला कुणी हाक मारतंय असं सांगतोयस? मी म्हणालो, मिनिटाला एकशे पन्नासच्या वेगाचा ठोका आहे, सामान्य खांद्याला झेपणार नाही. ती म्हणाली, वेगाचं नाही म्हणत मी, दर चौथा तू खातोस.

मग तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, त्याला खरं सांग. अजून वेळ आहे. मफलरला सांगून मोबाईलवरून गाणी लावा, तुम्ही दोघं नुसते उभे राहा. कोण बघतंय?

मोबाईलवरून! लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही मला अजून ओळखत नाही.

रात्री सासूबाईंना विचारलं, तुमच्या खांद्यावर करून बघू का? त्या म्हणाल्या, माझी पाठ आधीच दुखते, तुमची तुम्ही लावा.

२८ जून

उद्या. पूर्ण तयार आहे. जिने एकदाही चढलो नाही, पण आता चढून उगाच पाय दुखतील. काळा टी-शर्ट सापडला. मीच त्यात पूर्ण मावत नाही. वरून जॅकेट.

२९ जून, रविवार. सकाळ.

शांत. शिखरावर जाण्याआधी माणूस शांत असतो. दोनदा उलटी.

दुपार, अडीच.

हॉलवर पोचलो. नेटं काढलीत, जमिनीवर कोर्टाच्या रेघा तशाच. लोक येतायत. ओळखू येत नाहीत, पण चाल ओळखीची आहे. बऱ्याच जणांनी घडीच्या खुर्च्या आणल्यात. दोघांनी गुडघ्याला पट्टे बांधलेत. एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, तूच ना तो हात वर करणारा? मी म्हणालो, तो मुख्य भाग होता. तो म्हणाला, हो, आम्ही जाम हसायचो. म्हणजे आनंदाने.

भोंगा नवीन शर्टात. म्हणाला, घण्या, मला काही कळणार नाही. तू सांगशील ते.

संध्याकाळ, सात.

लिहितो. जे झालं ते असं.

पहिली रेकॉर्ड भोंग्याची. स्पीकर धडधडले, जमीन थरथरली, त्याचा चेहरा एकदम तिशीतला झाला. लोक ओरडले. मफलरने गळ्यात खरंच मफलर घातला होता. मी हात वर केले. सगळं पूर्वीसारखं.

मग माझी पाळी. हेडफोन लावले, पुढची रेकॉर्ड फिरवली, उजवा हात त्याच्या खांद्यावर. ठोका दिला. त्याने बटण सरकवायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पायांना बरोबर कळत होतं की काहीतरी बिनसलंय. मी मान हलवली. ठामपणे. त्याने एक श्वास घेतला आणि स्वतःचे पाय सोडून माझ्या हातावर भरवसा ठेवला.

घोडे. एखाददुसरा नव्हे, अख्खा तबेला.

लोक थांबले. कुणाचा एक पाय एका रेकॉर्डवर आणि दुसरा दुसरीवर. गुडघ्याला पट्टा बांधलेला एक जण खाली बसला. मला वाटलं पुढच्या वेळी जमेल. पुढच्या वेळी उलट बाजूने घोडे. भोंगा घामाघूम, दर वेळी वळून बघायचा, दर वेळी मी मान हलवायचो. माझी मान आता दुखतेय.

तासाभराने बरेच लोक खुर्च्यांवर. काही बाहेर चहाला. उरलेले मात्र गेले नाहीत, हे नोंदवायला हवं.

शेवटची दहा मिनिटं. ती पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड काढायला मी हात घातला, तर ती भोंग्याच्याच हातात. म्हटलं, झालं, आता हा लावणार. त्याने ती माझ्यापुढे धरली आणि स्पीकरच्या वर आवाज काढून ओरडला, ही तू लाव! आयुष्यभर मीच लावत आलो!

पंधरा तारखेला मी काय काय बोललो होतो, त्यातलं अक्षरही त्याने ऐकलं नव्हतं. हे त्याचं त्यालाच सुचलं होतं.

मी लावली. सुई ठेवली. दोन्ही हात वर केले.

ती रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाने वाजवायची असते. टर्नटेबल तेहतीसवर होतं. ही तांत्रिक बाजू मला कुणी सांगितली नव्हती.

स्पीकरमधून एखादं जड जनावर चिखलातून चालावं तसा आवाज आला. धम्म... धम्म... कुणीतरी हसलं. मग सगळेच. एका जोडप्याने एकमेकांचा हात धरला आणि त्या चालीवर हळूहळू झुलायला लागलं. मग आणखी काही जोड्या. खुर्च्यांवरचेही उठले. मफलरने गुडघ्याच्या पट्टेवाल्याला उठवून त्याच्याबरोबर नाच केला.

आणि या सगळ्याच्या मधे भोंगा. एकटाच, डोळे मिटून, आठवणीतल्या पूर्ण वेगात उड्या मारत होता. पायातला ठोकाही त्या वेळी त्याने ऐकला नसावा.

संपल्यावर त्याने मला मिठी मारली. शर्ट ओलाचिंब. कानाशी ओरडला, आयुष्यातला सगळ्यात भारी सेट! लोक शेवटी कसे उठले पाहिलंस? कुठे चुकलो का रे?

मी मान हलवली. नाही.

३० जून

तज्ज्ञाचा अभिप्राय हाच अंतिम. तो माझ्याहून अनुभवी आहे आणि तो म्हणतो, सर्वोत्तम. ऐकू येणं हा मुद्दा इथे गौण आहे.

बायकोला हे सांगितलं. जेवताना तिने माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. ठोका वगैरे दिला नाही.

४ जुलै

वहिनींचा मेसेज: भोंग्याने मशीन बसवून घेतलं. शब्दाला जागला. म्हणे दिवसभर घरात फिरून नळ, पंखा, फ्रिज ऐकतोय. आनंद झाला.

मग दुसरा मेसेज: मफलरने सेटचं रेकॉर्डिंग पाठवलंय, आता बसून ऐकणार आहेत.

आनंद कमी झाला.

फोन बंद ठेवलाय. बॅटरी वाचवायला.

६ जुलै, रविवार

भोंगा शोरूममध्ये आला. कानामागे ते छोटंसं राखाडी यंत्र. मी गोदामात जायला निघालो, तर म्हणाला, बस. हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज मी विसरलोच होतो.

दोघं गादीवर बसलो. म्हणाला, पूर्ण ऐकला. दोनदा. मी म्हणालो, स्पीकर जुने होते. तो म्हणाला, घण्या. मी म्हणालो, आणि तो हॉल, त्याचा प्रतिध्वनी... तो म्हणाला, घण्या, मला आता ऐकू येतं.

मी गादीची शिलाई तपासायला लागलो.

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. हसता हसता गादीवर आडवा झाला. म्हणाला, तू मान कशी काय हलवत होतास रे? इतक्या विश्वासाने! माझे पाय मला ओरडून सांगत होते आणि मी तुझी मान बघत होतो. मग उठून बसला, डोळे पुसले. म्हणाला, शेवटी लोक हसतात ना, ते नीट ऐकू येतं त्यात. आपण एवढी वर्षं वाजवलं, माणसं हसताना मी कधी ऐकली नव्हती. आवाजच एवढा असायचा. तेवढाच तुकडा मी परत परत लावला.

मी म्हणालो, ती माझी रेकॉर्ड होती.

तो म्हणाला, हो. तुझीच.

बराच वेळ बसला. गिऱ्हाईक आलं तर त्याला गादी छान आहे म्हणून सांगितलं. निघताना म्हणाला, मफलर पुढच्या वर्षीही ठेवतेय. मी हो म्हणालोय. एकटा.

एकटा हा शब्द त्याने जरा मोठ्याने उच्चारला. मशीन नवीन आहे, आवाजाचा अंदाज अजून आलेला नाही.

८ जुलै

मफलरचा फोन. म्हणाली, पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात तुझ्यासाठी महत्त्वाचं काम आहे. मला ठाऊकच होतं. म्हणालो, डायरी बघून सांगतो.

काम असं. या वेळी बऱ्याच लोकांनी मधेच कानात घालायला काहीतरी मागितलं होतं. विशेषतः माझ्या पाळीला. तेव्हा दाराशी उभं राहून प्रत्येकाला कानात घालायचे मऊ बोळे द्यायचे. लहान पाकिटातून. हसून.

हो म्हणालो. विचार केला तर यापेक्षा मोठी जबाबदारी नाही. प्रत्येक माणूस आधी मला भेटणार, मगच भोंग्याला. शिवाय हात दोन्ही लागतात.

संध्याकाळी सराव म्हणून घरी बोळे वाटले. बायकोने घेतले. खालच्या कॅप्टनना नेऊन दिले, त्यांनी पहिल्यांदाच माझा हात हातात घेऊन आभार मानले. सासूबाईंनी दोन जोड्या घेतल्या, आणि माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत घातल्याही.